घासातली तार

वाचकहो, मी शेगडीवर ठेवायची लोखंडी जाळी आहे, आणि ज्या जागेवरून आज आपल्याशी बोलते आहे ती जागा निवांत बोलण्याची नव्हे. माझ्या अंगावर एक फुटका नळ, दोन गंजके डबे आणि सायकलीचे वाकडे चाक पडले आहे. तरीही मला बोललेच पाहिजे. एका वृद्ध बाईच्या जिवाचा प्रश्न आहे, आणि जे मला प्रारंभापासून ठाऊक होते ते तिच्या घरातील कोणासही वेळेवर कळले नाही.

माझा जन्म एका फाटकाच्या उरलेल्या सळ्यांतून झाला. मला घडवणारे गृहस्थ व्यवसायाने वेल्डर. आयुष्यभर त्यांनी फाटके, जिने आणि खिडक्यांचे गज जोडले. गल्लीत त्यांना सारे मिस्त्री म्हणत, आणि त्यांनाही ते संबोधन स्वतःच्या नावापेक्षा अधिक प्रिय होते. त्यांनी माझी प्रत्येक सळई चौकटीला दोन्ही अंगांनी जोडली, कानशीने घासली आणि शेवटी डोळे मिटून अंगठा फिरवून पाहिला. जोड डोळ्यांना दाखवायचा नसतो, अंगठ्याला दाखवायचा असतो, असे ते म्हणत.

मला घडवले ते त्यांच्या थोरल्या बहिणीसाठी. यजमान वारल्यावर त्या भावाकडे राहावयास आल्या होत्या. मिस्त्री त्यांना ताई म्हणत. मिस्त्रींचा मुलगा आणि सून त्यांना आत्या म्हणत, म्हणून मीही त्यांना आत्याबाई म्हणते. त्यांना निखाऱ्यावर भाजलेल्या पदार्थांची भारी आवड. मला प्रथम पाहिले तेव्हा त्यांनी कमरेवर हात ठेवून विचारले होते,

"काय रे, जाळी केलीस की तुरुंगाचं दार?"

"ताई, तुझ्यानंतरही टिकेल अशी केलीय."

"म्हणजे माझ्या जाण्याची तयारी झाली वाटतं! घाई करू नकोस, मेल्या. आधी वांगी आण."

त्या दिवशी माझ्यावर पहिल्यांदा वांगी भाजली गेली. धुराने डोळे चोळीत दोघे भावंडे हसत होती. ते हसू ऐकून, आपला जन्म सत्कारणी लागला, असे मला वाटले.

आत्याबाईंविषयी एक गोष्ट सांगणे अगत्याचे आहे, कारण पुढील अनर्थात तिचा वाटा मोठा आहे. त्यांना दुखणे गुपचूप सोसणे ठाऊक नव्हते. त्यांचा गुडघा ठणकला की सारी गल्ली लंगडत असे. शिंक आली तरी त्या "आता माझं काही खरं नाही" म्हणून अंथरुणावर पडत, आणि जेवणाची हाक आली की सर्वांच्या आधी पाटावर हजर होत. घरात त्यावर थट्टा चाले. मिस्त्रींचा मुलगा लिफ्ट दुरुस्त करणारा, तो म्हणे, "आत्या, तुझं आणि आमच्या लिफ्टचं सारखंच. आवाज फार, बिघाड काही नाही."

माझी स्वच्छता प्रथम सूनबाई करीत असे. ती एका बेकरीत कामाला होती आणि भट्टीच्या उष्णतेशी तिचा परिचय होता. सर्वांची जेवणे उरकली की मी पुरती निवण्याच्या आतच ती काट्याला अर्धा कांदा टोचून त्याची चिरलेली बाजू माझ्या सळ्यांवर दाबून घाशी. चरचर आवाज होई, जळकी चरबी सुटून येई. हट्टाने चिकटलेले काही राहिले तर ते लाकडी पट्टीने खरवडी. पुढल्या खेपेस निखारे पेटण्यापूर्वी ओला सुती फडका प्रत्येक सळईवरून फिरवी, वरून आणि खालूनही, आणि मग तो फडका उजेडात पसरून त्यावर काय आले ते पाही. मी त्या फडक्याची वाट पाहत असे. आपल्याकडे कोणी इतक्या बारकाईने पाहावे, हे लोखंडालाही सुखावते.

परंतु मिस्त्रींचे डोळे अधू होऊ लागले. मोतीबिंदू वाढत होता आणि ते तो लपवीत होते. कामे येईनाशी झाली. दुकानाची जागा सोडावी लागली, अवजारे घरी आली, आणि त्यांत तारेचा एक ब्रश होता. वेल्डिंगच्या जोडावरची काळी खपली काढण्याचा. रिकामे हात माणसाला खातात, असे मी अनुभवाने सांगते. एके दिवशी सूनबाई कांदा घेऊन माझ्याकडे आली तेव्हा मिस्त्रींनी तो तिच्या हातातून काढून घेतला.

"लोखंड कांद्याने घासतात होय? ते कोशिंबिरीत घाल. लोखंडाचं काम माझ्याकडे."

"अहो बाबा, तुम्ही कशाला त्रास घेता?"

"का? तेवढंही जमणार नाही मला?"

सूनबाई बाजूला सरली. सासऱ्यांना काहीतरी काम हवे आहे, हे तिने ओळखले होते. तो तिचा चांगुलपणा होता. त्या चांगुलपणाचा परिणाम मात्र माझ्या अंगावर उमटू लागला.

त्या ब्रशाविषयी माझ्या मनात द्वेष नाही. तोही थकलेला होता. त्याच्या तारा चहूकडे फाकल्या होत्या, काही जागी लाकडातील भोके रिकामी पडली होती. तापलेल्या सळ्यांवर घासला जाताना त्याची एकेक तार कमजोर होऊन तुटे. बहुतेक खाली राखेत पडत. सूनबाई एकदा म्हणालीही,

"बाबा, हा ब्रश झडायला लागलाय. नवीन आणू का?"

मिस्त्रींनी ब्रश तिच्यापुढे धरला. "दांडा बघ. कुठे हलतोय? दांडा धड तर हत्यार धड. आमच्या दुकानात असाच नियम होता."

नियम दुकानासाठी योग्यच असेल. फाटकाला चिकटलेली तार कोणी गिळत नाही.

आता मी त्या दुपारकडे येते, आणि माझे शब्द चुकत असतील तर क्षमा असावी.

सुट्टीचा दिवस होता. घरात कोंबडी आणली होती. मिस्त्रींनी मला नेहमीपेक्षा अधिक जोराने घासले, कारण आत्याबाई शेजारी बसून "घास रे, तुझ्यासारखीच काळी झालीय ती" म्हणून त्यांना डिवचीत होत्या. एक तार तुटली. ती राखेत पडली नाही. माझ्या मधल्या सळईवर जळक्या चरबीचा चिकट थर होता, त्यात ती आडवी रुतली. केसाएवढी बारीक, नखाएवढी लांब, माझ्याच रंगाची. मिस्त्रींना ती दिसणे शक्य नव्हते. मला ती जाणवत होती, जसे आपणास पापणीत गेलेले कुसळ जाणवते.

सूनबाई ओला फडका घेऊन आली. माझ्या साऱ्या सळ्यांत जणू प्राण आले.

"बाबा, एकदा फडका फिरवते हं."

मिस्त्रींचा हात थांबला. "माझ्या कामावर भरवसा नाही?"

"तसं नाही हो..."

"मग कसं? चाळीस वर्षं लोखंड साफ केलं, आता माझ्यामागून फडका फिरवायची वेळ आली?"

"राहू दे गं," आत्याबाई म्हणाल्या, "त्याचं नाक फार नाजूक आहे. चल, कोंबडी टाक, माझा जीव चाललाय."

सूनबाईने फडका बादलीत टाकला. तो बुडताना मी पाहिला. मी लोखंड आहे; मला हंबरता येत नाही, कुईं करता येत नाही. कोंबडीचे तुकडे माझ्यावर ठेवले गेले. एका तुकड्याखाली ती तार होती. चरबी वितळली, तार सुटली आणि मांसाला चिकटून वर गेली. मिस्त्रींनी चिमट्याने तोच तुकडा उचलला, कारण तो सर्वांत खरपूस होता, आणि बहिणीच्या ताटात वाढला.

"आई गं!" आत्याबाईंनी घसा धरला. "टोचलं काहीतरी."

"हाडूक असेल," मिस्त्री म्हणाले.

"सकाळी मान, दुपारी घसा," मुलगा म्हणाला. "आत्या, संध्याकाळसाठी काही शिल्लक ठेव."

"संध्याकाळी तुझा गळा धरते, थांब! अरे, खरंच टोचतंय."

मग त्यांनी तेच केले जे हाडूक अडकले असता त्या घरात नेहमी करीत. कोरड्या पावाचा मोठा गोळा करून न चावता गिळायला लावला. एक झाला, दुसरा झाला. सूनबाई पाठीवरून हात फिरवीत होती, मिस्त्री पाण्याचा पेला धरून उभे होते. सारी माया पणाला लावून ती माणसे त्या तारेला खोल ढकलीत होती. तिसऱ्या गोळ्यानंतर आत्याबाई म्हणाल्या, "गेलं." सर्वांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मी मात्र निखाऱ्यांवर असूनही गार पडले.

डॉक्टरांनी घशात बॅटरी मारून पाहिले, ओरखडा आहे म्हणाले, गुळण्या सांगितल्या. त्यांना हाडूक सांगितले गेले होते. ते हाडूकच शोधणार. पुढे काही दिवस आत्याबाई पोटात दुखते म्हणून कण्हत राहिल्या आणि घर आपापल्या कामाला लागले. "आत्याचं नेहमीचंच," हे वाक्य मी परसात इतक्या वेळा ऐकले की ते बोलणाऱ्याच्या तोंडावर आपटावे असे वाटे. अहो, यावेळी नेहमीचे नव्हे! माझ्याकडे या, तो ब्रश पाहा, त्याची भोके मोजा! मी ओरडत होते. बाहेरून पाहणाऱ्याला भिंतीला टेकवलेली जाळी तेवढी दिसत होती.

मग एके सकाळी आत्याबाई कण्हेनाशा झाल्या. ती शांतता त्या घराला अपरिचित होती. सर्वांत आधी सूनबाई घाबरली.

"अहो, आत्या बोलत नाहीयेत. मी चहात साखर विसरले तरी बोलल्या नाहीत!"

अंग तापले होते, पोट लाकडासारखे कडक झाले होते. मुलाने त्यांना पाठुंगळी घेतले आणि धावत नेले. त्याच्या खांद्यावर त्यांचे डोके लटपटत गेलेले मी पाहिले.

पुढचे मला परसातल्या बोलण्यातून कळले. आतडे फाटले होते. तातडीने शस्त्रक्रिया झाली, आतड्याचा एक भाग कापावा लागला, आणि त्यात ती तार सापडली. शल्यचिकित्सकांनी ती लहानशा बाटलीत घालून नातलगांपुढे धरली आणि विचारले, "ही कशाची?"

आणि इथे, वाचकहो, ते घडले ज्याने माझी उरलीसुरली आशा संपवली. मिस्त्रींनी कोणी काही बोलण्यापूर्वी उत्तर दिले. वेल्डिंग करताना जोडात वितळवायच्या तारेचे टोक कधी कधी जोडाच्या मागच्या बाजूस कुसळासारखे राहून जाते. कुशल कारागीर ते घासून काढतो. आपल्याकडून ते राहिले, तापून तापून तुटले आणि ताईच्या पोटात गेले, असा निर्णय त्यांनी तिथल्या तिथे दिला. घरी येऊन ओट्यावर बसून ते मुलाला म्हणाले,

"माझा जोड फुटला रे. मीच केली, माझ्या हातांनी. बहिणीसाठी."

"बाबा, असं नका बोलू."

"खोटं बोलू? मिस्त्री मी आहे की तू?"

जो आपणहून अपराध कबूल करतो त्याची उलटतपासणी कोण करणार? त्यांच्या रडण्यापुढे कोणास प्रश्न विचारवला नाही. माणूस स्वतःला दोष देतानाही आपल्या मोठ्या कामालाच देतो. घासण्यापुसण्यासारख्या क्षुल्लक कामाकडे त्याचे बोटही वळत नाही. माझा एकही जोड फुटलेला नव्हता. त्यांच्या कारागिरीत तिळमात्र उणीव नव्हती. मी त्यांच्या निर्दोष हाताचा पुरावा होते, आणि त्यांनी मला न पाहताच उचलले आणि पाण्याच्या पिंपामागे फेकून दिले. ब्रश खिळ्यावर जागच्या जागी लटकत राहिला.

पिंपामागे मी गंजत पडले. आत्याबाई घरी आल्या त्या अर्ध्या होऊन. प्रथम पेज, मग मऊ भात. आवाज हळूहळू परत आला आणि त्याबरोबर हट्टही. भाऊ अन्नावर रुसला आहे, बहिणीच्या नजरेला नजर देत नाही, हे त्यांच्या ध्यानात आले होते.

"ऐक रे," त्या एकदा म्हणाल्या, "डॉक्टर म्हणाले आता सगळं खा. मी पहिला घास तुझ्या हातचाच खाणार. भाजलेला."

"ताई, नको. माझ्या हाताला यश नाही."

"यशाचं लोणचं घालायचंय का मला? भूक लागलीय. नवीन जाळी आणा दुकानातून. तुझा जोड नको ना, मग झालं तर!"

आज ती नवी जाळी आली. दुकानातली, चकचकीत. तिच्यावर कारखान्याचे तेल होते. सूनबाई म्हणाली, "गरम पाण्याने धुते." पण बहिणीसाठी काहीतरी करावयास मिळाले या आनंदात मिस्त्री कधी नव्हे ते गुणगुणत होते, आणि ते पाहून तिने शब्द गिळला. त्यांनी खिळ्यावरचा ब्रश काढला.

पिंपामागून मला ते घासणे ऐकू येत होते. खर्र, खर्र, खर्र. मधूनच एक बारीक 'टिक्' असा नाद. तो तार तुटल्याचा नाद आहे हे त्या परसात मीच एकटी ओळखत होते. टिक्. पुन्हा टिक्. जाळी नवी होती, गुळगुळीत होती, तार राखेत घसरून पडेल, असे मी स्वतःला समजावीत होते. मग आठवले की तिच्यावर तेल होते, आणि तेल धरून ठेवते.

निखारे फुलले. मांस ठेवले गेले. त्याच वेळी दारात भंगारवाल्याची हाक आली आणि मुलाने त्याला परसात आणून मला दाखवले. भंगारवाल्याने मला उचलून उलटेपालटे केले.

"मिस्त्री, अहो, ही भंगारात? जोड बघा कसले आहेत!"

"आतून फुटलीय," मिस्त्री मान फिरवून म्हणाले.

"कुठे? दाखवा तरी. म्हणजे भाव पाडायला मला बरं."

मिस्त्रींनी चिमटा सुनेच्या हाती दिला आणि ते आले. इतक्या दिवसांत प्रथमच त्यांनी मला हातात घेतले. डोळे मिटले. अंगठा पहिल्या जोडावर फिरला. मग दुसऱ्या. एकीकडून सारे तपासून त्यांनी मला पालथे केले आणि मागचे जोड चाचपले. जिथून तार तुटली तिथे तिचा खुंट असायला हवा होता. तो कोठेही नव्हता. पाठीमागे सूनबाई ताट वाढीत होती. घाई करा, घाई करा, असे मी माझ्या प्रत्येक सळईतून त्यांच्या अंगठ्याला सांगत होते.

"सापडलं?" भंगारवाल्याने विचारले.

"एकही तुटलेला नाही," मिस्त्री पुटपुटले. "मग तार आली कुठून?"

त्यांनी डोळे उघडले. त्यांच्या दुसऱ्या हाताच्या बाहीला, ज्या हाताने सकाळी घासले होते, काहीतरी टोचत होते. त्यांनी ते चिमटीत धरून काढले आणि डोळ्यांच्या अगदी जवळ नेले. मी त्यांचा चेहरा पाहिला. आपल्या कारागिरीवरचा कलंक पुसला गेला याचा आनंद त्या चेहऱ्यावर क्षणभरही आला नाही.

मी त्यांच्या हातून खाली पडले.

"ताई! थुंक! तोंडातलं थुंक!"

"अरे मेल्या," आतून आत्याबाईंचा भरल्या तोंडाचा आवाज आला, "किती दिवसांनी..."

"थुंक म्हणतो ना! सूनबाई, ताट घे तिचं! थुंक, ताई, तुझ्या पाया पडतो!"

ताट फरशीवर आपटल्याचा आवाज झाला. आत्याबाई थुंकल्या, आणि दचकल्यामुळे त्यांनी भावाला दोन शिव्या दिल्या. मग मिस्त्रींचा आवाज, इतका लहान की तो त्यांचा वाटेना,

"किती घास खाल्लेस?"



"हा दुसरा," आत्याबाई म्हणाल्या.

त्यानंतर सूनबाई मला दाराशी दिसली. ती गुडघ्यांवर बसून, शेगडीवरून उतरवलेल्या नव्या जाळीवरून ओला फडका फिरवीत होती, प्रत्येक सळईवरून, हुंदके देत. मुलगा वाहन आणण्यासाठी रस्त्याकडे पळाला. या गोंधळात भंगारवाला अवघडला. मला उचलून गाडीवर टाकून तो मुकाट्याने निघाला. फडक्यावर काय आले ते मला दिसले नाही. गाडी वळणावर आली होती.

आता मी येथे ढिगावर आहे. लवकरच भट्टीत जाईन, त्याचे मला दुःख नाही. माझी आपणास एकच प्रार्थना आहे. आपल्या घरी जाळी असेल आणि ती तारेच्या ब्रशाने घासली जात असेल, तर तो ब्रश आज टाकून द्या. उद्या म्हणू नका. आणि आपण स्वच्छ केलेल्या वस्तूवरून दुसऱ्या कोणी पुन्हा हात फिरवू म्हटले, तर त्यात आपला अपमान मानू नका. त्या हाताला वाट द्या.

आणि कोणास कधी समजलेच, की त्या पहिल्या घासात काही नव्हते, तर कृपा करून या ढिगापाशी या आणि मोठ्याने सांगा. लोखंडाला बोलता येत नसले तरी ऐकू येते.